पंचनामा कोण लिहितो, सगळं तिथेच ठरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्याचा भाऊ नायजेरियात पोर्ट हार्कोर्टला नोकरीला आहे, तो म्हणतो नायजर डेल्टामधले लोक स्वतःच तेलाचे पाइप फोडतात आणि वर भरपाई मागतात, आणि ओगोनीलँडमध्ये तर शेल या तेल कंपनीने १९९३ पासून तेल काढणंच बंद केलंय, मग प्रदूषण अजून चालू कसं आणि हे लोक इतकी वर्षं भांडतायत तरी कशासाठी.

मी तेलाने खराब झालेली माती आणि विहिरींचं पाणी तपासायचं काम बावीस वर्षं करतोय, बरंचसं इकडेच, मधली अडीच वर्षं तिकडे डेल्टात एका लॅबच्या वतीने. भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ही अर्धी खरी गोष्टच सगळ्यात जास्त घोळ घालते, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी सोपा भाग. ओगोनीलँड म्हणजे ओगोनी जमातीचा, नायजेरियाच्या रिव्हर्स राज्यातला जेमतेम हजार चौरस किलोमीटरचा तुकडा, आणि २००६ च्या जनगणनेत तिथे आठ लाखांहून जास्त लोक होते. आदिवासी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जंगल येतं, तसं नाही हे. दाट वस्ती, कसावा आणि याम लावणारे शेतकरी, खाडीतले मच्छीमार, आणि भरती-ओहोटीच्या चिखलात बसून गोगलगाई वेचणाऱ्या बायका, आपल्याकडे खाडीत तिसऱ्या नि कालवं काढतात तशा. १९५८ ला इथे तेल सापडलं. १९९३ ला शेल निघून गेली ती तेलविहिरींवरून, पण ट्रान्स नायजर पाइपलाइन तिथेच राहिली, दुसरीकडचं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, ओगोनीच्या शेतांखालून आणि खाड्यांमधून बॉनीच्या टर्मिनलला नेणारी. म्हणजे घरात चूल पेटत नाही पण शेजाऱ्याचा गॅसचा पाइप तुमच्या माजघरातून गेलाय, असं काहीसं. शिवाय सोडून दिलेल्या विहिरी आणि जुनी स्टेशनं नीट बंदच केली नव्हती, २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण अहवालात ते स्पष्ट आलंय.

आणि जुनं तेल कुठे जात नाही हो. एजामा-एबुबु नावाची जागा आहे, तिथे १९७० च्या सुमाराला, बियाफ्राचं यादवी युद्ध संपता संपता, मोठी गळती होऊन आग लागली होती. चाळीस वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या टीमने खोदलं तर तेल अजून तिथेच, अनेक सफाया होऊनसुद्धा. कंपनीची वर्षानुवर्षं समजूत अशी की डेल्टात वरच्या थरात चिकणमाती आहे, ती तेल अडवते, भूजलापर्यंत जाऊ देत नाही. प्रत्यक्षात ४९ ठिकाणी पाच मीटर किंवा त्याहून खोल तेल मिळालं आणि ४१ ठिकाणी ते नायजेरियाच्याच मर्यादेबाहेर भूजलात पोचलेलं. पाणी कुठे मुरतंय हे वरून बघून कळत नाही, भोक पाडावं लागतं, आणि भोक कुठे पाडायचं नि किती खोल हे जो ठरवतो तो निकालही ठरवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

आता लोक काय करत होते. १९७० लाच ओगोनी प्रमुखांनी लष्करी गव्हर्नरकडे तक्रार अर्ज दिला होता. १९९० ला मोसोप ही संघटना उभी राहिली, ओगोनी हक्कांचा जाहीरनामा आला, आणि ४ जानेवारी १९९३ ला अंदाजे तीन लाख लोक हातात झाडाच्या फांद्या घेऊन रस्त्यावर आले, एकूण ओगोनी किती तर तेव्हा पाचेक लाख धरायचे, म्हणजे निम्म्याहून जास्त जमात. तो दिवस अजून दर वर्षी पाळतात. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी बियारा गावात नवीन पाइप टाकायला उभ्या पिकात बुलडोझर घातले, बायका आडव्या आल्या, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, एका बाईचा हात गेला. मे १९९४ ला गियोकू इथे चार ओगोनी प्रमुखांचा जमावाने खून केला, आणि तो धागा पकडून अबाचाच्या लष्करी राजवटीने मोसोपचा नेता, लेखक केन सारो-विवा आणि आठ जणांवर खास न्यायाधिकरणात खटला चालवून १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिली. नायजेरियाला राष्ट्रकुलातून निलंबित केलं, जगभर बोंबाबोंब झाली. इथपर्यंतचं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण माझ्या दृष्टीने खरी लढाई त्याच्या नंतरची आहे, जिथे फोटो काढण्यासारखं काही नसतं, एक फॉर्म असतो.

तिकडे पाइप फुटला की जेआयव्ही होते, जॉइंट इन्व्हेस्टिगेशन व्हिजिट. आपल्या भाषेत पंचनामा. कंपनीचे लोक, सरकारी यंत्रणेचा माणूस, गावाचे प्रतिनिधी, बरोबर बंदूकवाले, सगळे मिळून फुटलेल्या जागेवर जायचं, पाइप उघडा करायचा, आणि फॉर्म भरायचा: गळती कधी सुरू झाली, किती बॅरल गेलं, किती जागा खराब झाली, आणि कारण काय, गंज की घातपात. आता बघा, नायजेरियाच्या कायद्यात तिऱ्हाइताने मुद्दाम फोडलेल्या पाइपसाठी कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे त्या एका रकान्यात काय लिहिलं त्यावर गावाला पैसे मिळणार की शून्य हे ठरतं. आणि त्या जागेपर्यंत जायची बोट कंपनीची, इंधन कंपनीचं, मोजायची साधनं कंपनीची, पाइपबद्दल कळणारा इंजिनिअरही कंपनीचा. सरकारी माणूस बऱ्याचदा त्यांच्याच गाडीत बसून येतो. मी पाहिलेल्या एका भेटीत गावचा माणूस चार तास उन्हात उभा होता आणि शेवटी त्याच्या हातात फॉर्म दिला तो सही करायला, वाचायला नव्हे. त्याने विचारलं की बॅरलचा आकडा कुठून आला, तर उत्तर मिळालं, कॅल्क्युलेशन आहे. त्याने सही केली. मी पण काही बोललो नाही, मी तिथे मातीचे नमुने घ्यायला होतो, आणि हे मी काही अभिमानाने सांगत नाहीये.

बोडोचं उदाहरण घ्या, त्यात सगळं आलं. बोडो हे ओगोनीतल्या गोकाना भागातलं खाडीकाठचं मोठं गाव. २००८ ला तिथे ट्रान्स नायजर लाइन फुटली. गाव म्हणतं २८ ऑगस्टला, कंपनी म्हणते ५ ऑक्टोबरला, गळती थांबली ७ नोव्हेंबरला. डिसेंबरमध्ये परत दुसरीकडे फुटली, ती फेब्रुवारी २००९ पर्यंत चालू. पहिल्या गळतीच्या पंचनाम्यात आकडा लिहिला एकूण १,६४० बॅरल. पुढे ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने गळतीचा व्हिडिओ एका अमेरिकन पाइपलाइन तज्ज्ञ फर्मला दाखवला, त्यांनी उसळणाऱ्या तेलावरून हिशोब केला तो रोजचे १,४४० ते ४,३२० बॅरल. रोजचे! म्हणजे कमीत कमी धरलं तरी पंचनाम्यातला एकूण आकडा सव्वा दिवसात संपतो. आणि तारखेचा घोळ बघा, ऑगस्ट धरा की ऑक्टोबर, सव्वा महिन्याचा फरक, त्याला रोजच्या हजारो बॅरलने गुणा. दोन रकाने, तारीख आणि दर, एवढ्यावर सगळी आपत्ती छोटी किंवा मोठी होते. बरं, नुसतं तेल सांडून थांबत नाही, खाडीत दिवसातून दोनदा भरती येते, ती तेलाची साय उचलून तिवरांच्या मुळांवर नेऊन ठेवते, ओहोटीला अर्धी परत आणते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिवराची मुळं श्वास घेतात, त्यांच्यावर डांबरासारखा थर बसला की झाड उभ्या उभ्या मरतं. २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा जहाज धडकून तेल सांडलं तेव्हा एलिफंटा-उरणच्या बाजूला काळी पडलेली तिवरं ज्यांनी बघितली त्यांना अंदाज येईल, फक्त बोडोचं प्रकरण त्याच्या कितीतरी पट.

कंपनीने २००९ ला गावाला मदत म्हणून काय पाठवलं, ५० पोती तांदूळ, ५० पोती बीन्स, साखर, टोमॅटोचे डबे वगैरे. पन्नास पोती, पन्नासेक हजार वस्तीच्या गावाला. गावाने आधी परत पाठवली. मग ते लंडनला वकिलांकडे गेले. २०१४ ला तिथल्या हायकोर्टाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, की पाइपचं संरक्षण नीट केलं नाही, उदाहरणार्थ गळती ओळखणारी यंत्रणा बसवली नाही, तर चोरांनी फोडल्यावरही कंपनीवर जबाबदारी येऊ शकते. खटला पूर्ण चालायच्या आत, जानेवारी २०१५ ला, ५ कोटी ५० लाख पौंडांवर तडजोड झाली, त्यातले ३ कोटी ५० लाख १५,६०० लोकांत वाटले, बाकीचे गावासाठी. माणशी २,२०० पौंडांच्या आसपास. आणि कंपनीनेही तोपर्यंत मान्य केलं होतं की आधीचे आकडे कमी धरले गेले.

मग भावाचं म्हणणं अर्धं खरं कसं? कारण चोरी होतेच. पाइपला ड्रिलने भोक पाडून त्यावर व्हॉल्व्ह बसवतात, रात्री होडीत क्रूड भरतात, आणि तिवरांच्या आत ड्रम तापवून कच्चं डिझेल काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात बोडो वेस्ट भागात २००७ ते २०११ मध्ये हे धंदे वाढले आणि त्याच काळात निरोगी तिवरांचं १० टक्के क्षेत्र गेलं असं नोंदवलंय, लपवलेलं नाही. पण एवढं मोठं क्रूड काय चार कोळ्यांची पोरं नेतात का? बार्ज लागते, गिऱ्हाईक लागतं, चेकपोस्टवरचा माणूस फोडावा लागतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ना. आणि दुसरं, फुटलेला पाइप खोटं बोलत नाही, बघता येत असेल तर. करवतीचा काप सरळ असतो, ड्रिलचं भोक गोल नि कडेला धातू उलटलेला. गंज आतून असेल तर तो बहुतेक पाइपच्या तळाला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, कारण तेलातलं पाणी खाली बसतं आणि तिथे खातं. बाहेरून असेल तर भोवतीची जाडी विरत गेलेली, पापुद्रे सुटलेले. एक माणूस अर्ध्या दिवसात शिकू शकतो हे. म्हणून तर उघड्या पाइपचा फोटो कोणाला काढू देतात आणि कोणाला नाही हा प्रश्न इतका तापतो.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण नमुन्याचं महत्त्व मला पुस्तकातून नाही, त्यातून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत आपल्याच एका तालुक्याच्या गावी, एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी झिरपत होती आणि शेजारच्या वाड्यातल्या आडाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायचा. आजींनी आदल्या दिवशीच पाणी काढून प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं भरून फडताळात ठेवलं होतं, मी घाईत होतो, तीच बाटली घेऊन आलो. पेट्रोलमधलं बेंझिन उडून जातं, अर्ध्या रिकाम्या बाटलीत तर वरच्या हवेत जाऊन बसतं आणि झाकण उघडलं की गेलं. रिपोर्ट आला, आढळले नाही. तो कागद पुढे दोन वर्षं त्या कुटुंबाच्या तोंडावर फेकला गेला, पुन्हा नीट काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, बर्फात ठेवून नेलं तेव्हा आकडा आला, पण आधीचा सरकारी शिक्क्याचा कागद मागे घ्यायला कोणी तयार नाही. वास खरा होता, आजी खऱ्या होत्या, खोटा होता तो माझा नमुना.

ओगोनीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. साफ झाल्या म्हणून कंपनीच्या नोंदीत बंद केलेल्या १५ जागा संयुक्त राष्ट्रांच्या लोकांनी पुन्हा तपासल्या, त्यातल्या १० अजून मर्यादेच्या बाहेर निघाल्या. पद्धत काय होती, तर वरची माती नांगरायची, खत टाकायचं, उन-वारा-जिवाणू आपोआप तेल खातील असं धरायचं, आणि मग वरच्याच मातीचा नमुना घ्यायचा. वर तेल कमी झालेलं असतंच, त्यातलं बरंच हवेत उडालेलं असतं आणि तिथल्या धो धो पावसाने खाली गेलेलं असतं. खाली बघितलंच नाही तर साइट स्वच्छ.

जरा विषयांतर करतो पण इक्वेडोरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, तिथे कागदाची दोन्ही टोकं दिसतात. लागो आग्रियोच्या भागात टेक्साकोने १९६४ ते १९९० उघड्या, अस्तर नसलेल्या खड्ड्यांत तेलाचा गाळ ठेवला आणि तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी ओढ्यांत सोडलं, कोफान, सिओना, सिएकोपाई लोकांच्या नद्यांमध्ये. १९९५ नंतर चार कोटी डॉलरची सफाई केली तेव्हा निकष ठेवला तो मातीत तेल किती याचा नाही, तर मातीतून आम्लाच्या पाण्यात किती उतरतं याचा, लिटरला १,००० मिलिग्रॅम. तेल पाण्यात नीट विरघळतच नाही, त्यामुळे ही परीक्षा नापास होणं अवघड. आणि दुसऱ्या टोकाला, गावकऱ्यांनी २०११ ला टेक्साको विकत घेतलेल्या शेव्हरॉनविरुद्ध अब्जावधी डॉलरचा निकाल मिळवला, तो २०१४ ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने धुडकावला कारण त्यांच्या वकिलांच्या बाजूने कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल गुपचूप स्वतः लिहून दिला, न्यायाधीशाला लाचेचं आमिष दाखवलं, असं त्या कोर्टाने ठरवलं. खड्डे अजून तिथेच आहेत, त्याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण कागद एकदा डागाळला की खरा खड्डाही कोर्टात खोटा ठरतो.

परत ओगोनी. निसिसिओकेन ओगाले गावाचा किस्सा तुम्ही नक्की कुठेतरी वाचाल: विहिरीच्या पाण्यात बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट, आणि भूजलावर तरंगणारा तेलाचा आठ सेंटिमीटरचा थर. आम्ही विहिरीत बेलर सोडतो, म्हणजे पारदर्शक लांबट नळी, वर काढली की पाणी खाली आणि तेल वर असे वेगळे थर दिसतात. आठ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या तळहाताची रुंदी. फक्त एक गोष्ट लोक सांगायची गाळतात, ते तेल शुद्ध केलेलं होतं आणि ती जागा सरकारी तेल महामंडळाच्या पाइपलाइनजवळची होती. सरकारही त्यात आहे. शेल तिकडे ज्या संयुक्त उपक्रमात तेल काढायची त्यातला सगळ्यात मोठा भागीदार सरकारच होतं, आणि भरपाईचे कायदे करणारंही तेच. ओगालेचे राजे ओक्पाबी गावच्या पाण्याची बाटली घेऊन लंडनच्या कोर्टात गेले होते. शेलवरच्या त्यांच्या दाव्यात प्रश्न होता की नायजेरियातल्या उपकंपनीच्या करणीसाठी इंग्लंडमधल्या मूळ कंपनीवर दावा चालतो का, आणि गंमत म्हणजे त्याची वाट एका आपल्या ओळखीच्या नावाने मोकळी केली: झांबियातल्या तांब्याच्या खाणीखालच्या गावकऱ्यांनी वेदांतावर केलेला दावा, ज्यात २०१९ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने चालेल असं सांगितलं. त्याच्या आधारावर फेब्रुवारी २०२१ ला ओगालेचाही दावा चालेल असं ठरलं. आणि जून २०२५ ला हायकोर्टाने म्हटलं की जुनी गळती साफ न करता सोडली असेल तर काळ लोटला म्हणून सुटता येईलच असं नाही. पूर्ण सुनावणी २०२७ साठी ठेवलीय.

सफाईचं काय? २०११ च्या अहवालात २५ ते ३० वर्षं लागतील आणि पहिल्या पाच वर्षांना एक अब्ज डॉलर असं म्हटलं होतं. सरकारी प्रकल्पाचं उद्घाटन २०१६ ला, ठेकेदार प्रत्यक्ष मातीत उतरले २०१९ ला, आणि सुरुवात केली ती सोप्या जागांपासून. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

एवढ्यात दोन गोष्टी झाल्यात त्या भावाला माहीत असतील. मार्च २०२५ ला शेलने आपला जमिनीवरचा धंदा रेनेसान्स नावाच्या गटाला विकून टाकला. आणि त्याच वर्षी १२ जूनला नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी फाशी दिलेल्या नऊ जणांना मरणोत्तर माफी जाहीर केली, राष्ट्रीय सन्मान दिला, आणि त्याच सुमाराला ओगोनीत तेल पुन्हा सुरू करायची बोलणीही चालली होती. माफी ऐकून तिथल्या लोकांनी विचारलं, माफी गुन्हेगाराला देतात, यांचा गुन्हा काय होता? बरोबर विचारलं माझ्या मते.

भावाशी वाद घालू नका, त्याला फक्त एक काम सांगा. २०११ पासून शेलने आपल्या गळत्यांचे जेआयव्ही फॉर्म वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली आणि सरकारी यंत्रणेचाही गळत्यांचा नकाशा आहे, लोकांनी मागून मागून मिळवलेली गोष्ट आहे ती. त्याने कुठलेही दहा फॉर्म उघडावेत, घातपात लिहिलेले घेतले तरी चालतील, आणि गळती सुरू झाल्याची तारीख नि कळल्याची तारीख हे दोन रकाने शेजारी ठेवून बघावेत, ते एकच असतात का. मग खाली गावाच्या माणसाची सही आहे का ते बघावं, आणि फोटो जोडलाय तो पाइपच्या भोकाचा आहे की नुसत्या काळ्या पाण्याचा.